दोन ॲम्प, एक गिटार: सहा महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, रविवार

प्रकल्प सुरू करण्याआधी प्रश्न लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच तो बदलून घेण्याची मुभा मला राहणार नाही. माझ्याकडे सध्या दोन गिटार ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रे, आहेत. पहिला १५ वॅटचा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या जुन्या व्हॉल्व्हवर चालणारा. त्यात स्पीकरला जोर देणाऱ्या दोन ईएल८४ पॉवर ट्यूब, त्याआधी गिटारचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या तीन १२एएक्स७ प्रीॲम्प ट्यूब, १२ इंची स्पीकर आणि आवाजाला घुमारा देणारा खऱ्या स्प्रिंगचा रिव्हर्ब आहे. गेली नऊ वर्षे मी हाच वाजवत आलो. दुसरा गेल्या महिन्यात घेतलेला ५० वॅटचा मॉडेलिंग ॲम्प. स्पीकर त्यालाही १२ इंचीच आहे, पण आत ट्यूब एकही नाही. ट्यूबचे वागणे त्याच्या प्रोसेसरमध्ये गणिताने उभे केले जाते. कोथरूडमधल्या आमच्या दोन बेडरूमच्या घरात दोन्ही ठेवायला जागा नाही. घरच्यांच्या मते एकही ठेवायला जागा नाही, पण तो विषय या नोंदींच्या कक्षेबाहेरचा आहे.

प्रश्न असा: घरच्या रियाजासाठी आणि बँडच्या कार्यक्रमांसाठी यांतला कोणता ॲम्प उपयोगाचा आहे, आणि 'ट्यूबची मजा वेगळीच' हे जे वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षे बोलत आलो, त्यात तथ्य किती आणि सवय किती? नियम तीनच ठेवतो. गिटार, केबल आणि पिक दोन्हीकडे सारखे राहतील. आवाजाची पातळी कानाने न ठरवता मीटरने मोजली जाईल. कार्यक्रमात काही बिघडले, तर ते त्याच रात्री लिहून काढायचे, कारण दुसऱ्या दिवशी आठवण आपल्या आवडत्या ॲम्पची बाजू घेऊ लागते.

९ जून, रविवार

आज मोजमाप केले. मीटर स्पीकरपासून एक मीटरवर, स्पीकरच्या उंचीला ठेवला होता. ट्यूब ॲम्प जिथे किंचित फुटू लागतो, म्हणजे हळू छेडले तर स्वच्छ आणि जोरात छेडले तर खरखरीत असा जो आवाज मला सर्वांत प्रिय आहे, त्या जागी मीटरने १०३ डेसिबल दाखवले. दुपारी साडेतीनची वेळ होती, आणि मी बरोबर दोन मिनिटे वाजवले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून फोन आला.

त्यानंतर मास्टर व्हॉल्यूम (ॲम्पचा एकूण आवाज ठरवणारे बटण) खाली आणून ७५ डेसिबलवर बसवला. खरखर राहिली, पण अंगातला जोर गेला. याचे कारण सरळ आहे: मास्टर कमी केला की विकृती, म्हणजे ती खरखर, फक्त प्रीॲम्पच्या छोट्या ट्यूबमध्ये तयार होते, पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर हे तिघेही जवळजवळ रिकामे बसलेले असतात. या ॲम्पच्या आवाजातला मोठा वाटा त्या तिघांचा आहे, आणि तो वाटा मोठ्या आवाजाखेरीज हाती लागत नाही.

मॉडेलिंग ॲम्पवर अर्ध्या वॅटची सोय आहे. त्यावर तसाच क्रंच, म्हणजे हलक्या खरखरीचा आवाज, लावून ७४ डेसिबल मिळाले, आणि आवाजाचा पोत ५० वॅटच्या जागी होता जवळपास तोच राहिला. इथे वॅटचे गणित लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण दुकानात नेमकी याच गणिताची गल्लत होते. शक्ती दुप्पट केली की पातळी ३ डेसिबलनेच वाढते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे १५ वॅटवरून अर्ध्या वॅटवर आलो तरी फरक सुमारे १५ डेसिबलचा पडतो; आवाज तिसाव्या हिश्शावर न येता साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो. याच हिशेबाने ५० वॅट आणि १५ वॅट यांच्यातले अंतर फक्त सव्वापाच डेसिबलचे आहे. 'ट्यूबचा वॅट मोठा असतो' असे लोक म्हणतात, त्याचेही कारण बहुधा वॅटमध्ये नसून वापरण्याच्या पद्धतीत आहे: ट्यूब ॲम्प आपण मर्यादेपलीकडे ढकलून आनंदाने वाजवतो, आणि ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प त्या मर्यादेच्या बराच अलीकडे ठेवतो, कारण तो फुटला तर ऐकवत नाही.

१६ जून, रविवार

काल जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. "अरे, तू वाजवतोस छान, त्याबद्दल वाद नाही. पण जेवण झाल्यावर मी ते ऐकायलाच हवं का?" असे त्यांनी शांतपणे विचारले, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. माझ्या ॲम्पचा मला प्रिय असलेला आवाज १०३ वर सुरू होतो. मधल्या भिंतीने आणि स्लॅबने कितीही गिळले, तरी हा हिशेब जुळत नाही.

रात्रभर पाऊस होता, म्हणून मॉडेलिंगच्या आतल्या रचनेवर सविस्तर टिपण काढले. गिटारचा संकेत आधी अंकांत बदलतो. मग ट्यूबच्या प्रत्येक टप्प्याची वक्र प्रतिक्रिया, टोनच्या बटणांचे जाळे, पॉवर ट्यूबचा ताण आणि वीजपुरवठ्याचे दबणे हे सगळे क्रमाने मोजले जाते, आणि शेवटी अंक पुन्हा विजेत बदलून स्पीकरकडे जातात. यात सर्वांत अवघड गोष्ट विकृतीची आहे. विकृती म्हणजे नवे, वरचे स्वर तयार होणे, आणि सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या यंत्रणेत २४ किलोहर्ट्झच्या वरचा स्वर मावत नाही. न मावणारा स्वर नाहीसा होत नाही, तो आरशात पडल्यासारखा उलटून खाली येतो: १० किलोहर्ट्झच्या घटकाचा तिसरा गुणज ३० किलोहर्ट्झवर तयार झाला, तर तो १८ वर येऊन बसतो, आणि तिथे त्याचे मूळ स्वराशी काही नाते नसते. जुन्या डिजिटल ॲम्पमध्ये दातांखाली खडा यावा तसा जो आवाज यायचा, त्याचा एक भाग हा होता. उपाय म्हणजे विकृतीची गणना कित्येक पट वेगाने करायची, वरचे स्वर गाळायचे आणि मग मूळ वेगावर परत यायचे. त्यासाठी प्रोसेसर जलद लागतो. लाइन ६ कंपनीचा ॲक्ससिस हा मॉडेलिंग ॲम्प १९९६ चा आणि त्यांचा मूत्रपिंडाच्या आकाराचा लाल पॉड, म्हणजे ॲम्पच्या आवाजांची नक्कल करणारा डबा, १९९८ चा. तेव्हा जे प्रोसेसरला झेपत नव्हते, ते आज मध्यम किमतीच्या कॉम्बोलाही (एकाच पेटीतल्या ॲम्प आणि स्पीकरलाही) झेपते.

मॉडेलिंग ॲम्पमधल्या आवाजांची यादी उघडली की नावे बदलून बहुतांश तीनच कंपन्यांची घराणी समोर येतात: फेंडरचा स्वच्छ, काचेसारखा आवाज, ईएल८४ वर उभा असलेला व्हॉक्सचा किणकिणता आवाज आणि मार्शलचा भरदार आवाज. त्यांतही मार्शलचा पहिला ॲम्प फेंडरच्या बेसमन या ॲम्पचा आराखडा समोर ठेवून बनला होता. नकलेवर नाक मुरडण्याआधी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

३० जून, रविवार

पहिली ऐकण्याची चाचणी झाली आणि रद्द करावी लागली. दोन्ही ॲम्पसमोर जुनी चादर टांगली आणि गिटारवरचे एकच वाक्य लूपर पेडलमध्ये (वाजवलेला तुकडा जसाच्या तसा पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात) भरून आलटून पालटून दोन्हींकडे सोडले. त्यामुळे वाजवण्यातला फरक आपोआप बाद झाला. ड्रमर, गायिका आणि मी, तिघांनीही एकमुखाने ट्यूब ॲम्प निवडला. मला मनातून फार बरे वाटले. त्यानंतर मीटर पाहिला, तर ट्यूब ॲम्प ३ डेसिबलने मोठा निघाला. दोन आवाज जवळजवळ सारखे असतील, तर कान मोठ्या आवाजाला 'चांगला' म्हणतो. हे मी इतरांना अनेकदा सांगितले आहे, आणि तरीही स्वतः त्याच खड्ड्यात पडलो.

आणखी एक त्रुटी सापडली. ट्यूब ॲम्प वाजत नसतानाही बारीक 'श्श' करतो, आणि ड्रमरने त्यावरूनच ॲम्प ओळखायला सुरुवात केली होती. पुढच्या वेळी छताचा पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवायचा.

१४ जुलै, रविवार

दुसरी चाचणी झाली. पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवलेली, पंखा चालू, आणि आधी कोणता वाजेल ते प्रत्येक वेळी नाणे उडवून ठरवलेले. प्रत्येकाला दहा संधी दिल्या. ड्रमरचे ६ अंदाज बरोबर आले, गायिकेचे ५ आणि माझे ७. सात हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण डोळे मिटून नुसते नाणे उडवणाऱ्यालाही दहांपैकी सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के असते. याला पुरावा म्हणता येत नाही. दोन्ही ॲम्पचे स्पीकर वेगवेगळे आहेत हेही विसरता येत नाही. जो थोडा फरक ऐकू येत होता, त्याचा मोठा भाग त्या कागदी शंकूंचा असण्याची शक्यता आहे.

यानंतर लूपर काढून मी स्वतः वाजवायला बसलो आणि ड्रमरने चादरीमागे स्विच बदलत ठेवला. या वेळी मी एक गोष्ट मुद्दाम केली: ॲम्पला हात न लावता गिटारवरचा व्हॉल्यूम १० वरून ४ वर आणायचा, मग पुन्हा वर न्यायचा, आणि मधल्या प्रवासात बोटांनी छेडायचे. दहांपैकी नऊ वेळा मी ॲम्प बरोबर ओळखला. नुसत्या नशिबाने इतके जमण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास आहे. ट्यूब ॲम्पमध्ये खरखर विरत विरत जाते. पहाटे धुके उतरते तसे स्वराच्या कडेवरून ते हळूहळू बाजूला होते. मॉडेलिंगमध्ये तोच प्रवास दोन-तीन पायऱ्यांत उरकल्यासारखा वाटला. टोकाचे दोन्ही आवाज, म्हणजे पूर्ण स्वच्छ आणि पूर्ण फुटलेला, मला वेगळे ओळखता येत नव्हते. माझ्या नऊ वर्षांच्या वाक्यातले तथ्य या मधल्या पट्ट्याएवढे निघाले. पट्टा लहान आहे, पण माझे निम्मे वाजवणे त्याच पट्ट्यात चालते, त्यामुळे हा निकाल मला कोणत्याही बाजूचा विजय म्हणून लिहिता येत नाही.

जाता जाता विलंबही मोजला. संकेत दोन वाटांनी फोडून एक थेट आणि दुसरा मॉडेलिंग ॲम्पमधून रेकॉर्ड केला. दोन्हींत सुमारे २ मिलिसेकंदांचे अंतर आले. हवेतून आवाज एवढ्या वेळात ७० सेंटीमीटर जातो, म्हणजे ॲम्पपासून एक पाऊल मागे सरकून उभे राहिल्याइतका हा फरक आहे. 'डिजिटल ॲम्प बोटांच्या मागे पडतो' ही तक्रार मी यापुढे करणार नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

एका छोट्या कॅफेत कार्यक्रम होता, श्रोते चाळीसएक. ट्यूब ॲम्प स्कूटरच्या पायठेवणीवर, रेनकोटमध्ये गुंडाळून नेला. तो १४ किलोंचा आहे आणि मॉडेलिंग साडेअकरांचा, त्यामुळे माझ्या बाबतीत वजनाचा मुद्दा फारसा चालत नाही. सगळीकडे असे नसते. फेंडरचा ट्यूबचा डीलक्स रिव्हर्ब सुमारे १९ किलोंचा आहे आणि त्याच कंपनीने २०१९ मध्ये आणलेली त्याची टोन मास्टर ही डिजिटल आवृत्ती साडेदहा किलोंच्या आत बसते, आणि त्याचे एक कारण म्हणजे लोखंडी ट्रान्सफॉर्मरांचा भार तिच्यात नाही.

दुसऱ्या गाण्यानंतर कॅफेच्या मालकांनी येऊन आवाज कमी करायला सांगितले, चौथ्यानंतर पुन्हा सांगितले. शेवटी व्हॉल्यूम दोनवर आला आणि ॲम्प आजारी माणसासारखा बोलू लागला. ड्रमर ब्रशने वाजवत होता, आणि तरीही माझा ॲम्प त्याच्यावर मात करत होता. असल्या जागेला हा ॲम्प न्यायचा नाही, हे आज ठरले.

१७ ऑगस्ट, शनिवार

त्याच कॅफेत मॉडेलिंग ॲम्प अर्ध्या वॅटवर नेला. मालक एकदाही उठले नाहीत. मात्र घरी हेडफोन लावून तयार केलेले तिन्ही आवाज तिथे चुकीचे वाटले: बेस दणदणीत, ट्रेबल टोचणारा आणि मधला भाग गायब. कमी पातळीवर कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये ही गोष्ट मोजून मांडली होती. घरी ती उणीव भरून काढायला आपण बेस आणि ट्रेबल वाढवतो, आणि जागेवर पातळी वाढली की ती भरपाई उतू जाते. यावर उपाय म्हणून प्रत्येक आवाजाच्या दोन प्रती केल्या, घरची आणि कार्यक्रमाची. कार्यक्रमाची प्रत तालमीच्या खोलीत, ड्रम वाजत असतानाच बसवायची. ट्यूब ॲम्पच्या बाबतीत हा प्रश्न नऊ वर्षांत कधी पडला नव्हता, कारण तो घरी कधी नीट वाजलाच नव्हता.

१४ सप्टेंबर, शनिवार

गणेशोत्सवातला मंडळाचा कार्यक्रम होता. आज या प्रकल्पातली सर्वांत उपयोगी गोष्ट कळली, आणि ती स्वराविषयी नव्हती, विजेविषयी होती. मांडवाला वीज जनरेटरची होती. मंचावरच्या बोर्डाला मल्टिमीटर लावला तर १९८ व्होल्ट, आणि अर्थिंगच्या जागी काहीच नाही. आधी अर्थिंगची वायर ओढून घेतली. त्यावर मंडळाचा कार्यकर्ता "दादा, इतकी वर्षं कुणी मागितली नव्हती" असे म्हणाला. ३०० व्होल्टच्या वर चालणारे धातूच्या साच्याचे यंत्र आणि हातात त्याला जोडलेल्या तारा असताना ती मागायलाच हवी, आणि न मिळाल्यास वाजवायला नकार द्यायला हवा.

मी दोन्ही ॲम्प नेले होते. १९८ व्होल्टवर ट्यूब तापवणाऱ्या फिलॅमेंटला ६.३ ऐवजी ५.४ व्होल्टच मिळतात, आणि आतला विजेचा मोठा दाबही त्याच प्रमाणात उतरतो. ट्यूब ॲम्प मऊ, थोडा दमलेला वाजला. खरे सांगायचे तर दोन गाण्यांना तो आवाज फार शोभला, पण जोर लागणाऱ्या गाण्यांत तो ढोल-ताशाच्या तालापुढे बसून राहिला. मॉडेलिंग ॲम्पच्या आवाजात कमी दाबाने ऐकू येईल असा काहीच फरक पडला नाही, आणि पहिला तासभर गुण त्याच्याच पदरात पडले.

त्यानंतर रोषणाईची आणखी एक माळ सुरू झाली, जनरेटरने आचका दिला, आणि क्षणभर वीज गेली. मॉडेलिंग ॲम्प बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला. पाच-सहा सेकंदांचा काळ होता, पण गाण्याच्या ऐन मध्यात, भरल्या मांडवात, हातात मुकी गिटार घेऊन पाच सेकंद उभे राहणे म्हणजे काय ते वाजवणाऱ्यालाच कळेल. परत आला तो साठवलेल्या आवाजावर न येता पॅनेलवरच्या बटणांच्या जागेवर आला, म्हणजे सोलोच्या ऐवजी स्वच्छ आवाज. पुढच्या अर्ध्या भागात मी ट्यूब ॲम्प घेतला. तसाच आचका आणखी एकदा आला. तेव्हा आवाज श्वास रोखल्यासारखा खाली गेला आणि लगेच वर आला. तापलेली ट्यूब सेकंदभरात थंड होत नाही, आणि आतल्या मोठ्या कॅपॅसिटरांत विजेची थोडी शिदोरी शिल्लक असते.

१५ सप्टेंबर, रविवार

मॉडेलिंग ॲम्पसाठी संगणकाचा छोटा यूपीएस नेऊन पाहायचा. त्याचे वजन दोन ॲम्पच्या वजनांतल्या फरकापेक्षा जास्त भरते, हे तूर्त घरी सांगायचे नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

तालमीत ट्यूब ॲम्प गेला. आधी गुणगुण वाढली, मग आवाज चोंदला. मागून पाहिले तर एका ईएल८४ च्या आतली धातूची पट्टी निखाऱ्यासारखी लाल झाली होती. ताबडतोब बंद केला. आणखी अर्धा मिनिट गेले असते, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही गेला असता, आणि ती दुरुस्ती ट्यूब बदलण्याइतकी स्वस्त नसते. उरलेली तालीम मॉडेलिंगवर पार पडली आणि कुणालाही काही कमी जाणवले नाही. बँडमध्ये सात माणसे वाजत असली की माझा तो मधला पट्टा कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

९ ऑक्टोबर, बुधवार

तपकीर गल्लीच्या अलीकडे एका बोळात जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे ॲम्प नेला. वय सत्तरीच्या पुढे असावे. झाकण काढायच्या आधीच ते म्हणाले, "अहो, ही ईएल चौऱ्याऐंशी. व्हॉल्व्हच्या रेडिओग्रामात हीच असायची. आम्ही ढिगाने बदलल्यात." मग पत्र्याच्या डब्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, भारत इलेक्ट्रॉनिक्सची एक ईएल८४ काढून दाखवली. या सरकारी कंपनीने १९६१ पासून बंगळुरूत रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले होते, आणि माझ्या 'इम्पोर्टेड' ॲम्पचे हृदय कधीकाळी आपल्या घरातल्या रेडिओतही धडधडत होते, हे मला त्या बोळात उभे राहून पहिल्यांदा उमगले.

काकांची पद्धत लिहून ठेवण्यासारखी आहे. प्लग काढलेला असूनही त्यांनी आधी मोठ्या कॅपॅसिटरवरचा दाब मोजला. तो ४० व्होल्ट निघाला. रेझिस्टर लावून तो उतरवला, पुन्हा मोजला, आणि मगच हात घातला. एक हात खिशात ठेवून काम करण्याची सवय त्यांनी माझ्याकडूनही करवून घेतली. दोष भिंगाखाली सापडला. ट्यूबचे सॉकेट थेट सर्किट बोर्डावर बसवलेले होते. वर्षानुवर्षे तापून थंड होताना दुसऱ्या पिनभोवतीच्या सोल्डरच्या डागाला गोल चीर गेली होती. ही पिन ग्रिडची, म्हणजे ट्यूबमधल्या जाळीची. ग्रिडवर ऋण दाब असेल तरच ट्यूबमधला प्रवाह आवरलेला राहतो. तो दाब तुटला आणि ट्यूब मोकाट सुटली. नवा डाग, पॉवर ट्यूबची जुळवलेली नवी जोडी, आणि सव्वा तासात ॲम्प बोलू लागला.

मी मॉडेलिंग ॲम्पविषयीही विचारले, तो कधी बिघडला तर काय. त्याच्या आतल्या बोर्डाचे छायाचित्र मोबाइलवर बराच वेळ पाहून ते म्हणाले, "जॅक, बटण, स्पीकर, हे मी करीन. पण ही मधली काळी चिप गेली, तर माझ्या दारात आणू नका. ती बोलत नाही माझ्याशी."

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज दसरा. पूजेत सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि गिटारशेजारी दोन्ही ॲम्प मांडले. आईने ट्यूब ॲम्पवर झेंडूचे फूल ठेवले आणि मॉडेलिंगवरही ठेवले.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी पहाट. मैदानावर साडेपाचला कार्यक्रम सुरू झाला, भोवती तिन्ही बाजूंना इमारती. हार्मोनिअम, तबला, बासरी आणि भावगीते यांच्यात गिटारला फार थोडे, पण स्वच्छ बोलायचे होते. मॉडेलिंग ॲम्प नेला आणि मंचावर तो जवळजवळ मुका ठेवून लाइन आउटमधून, म्हणजे माइक न लावता केबलने, थेट मिक्सरला दिला.

तपासणीच्या वेळी मिक्सरमधून चिलटासारखा आवाज येऊ लागला आणि साउंडवाल्या दादांनी "हे काय आहे?" अशा अर्थाने हात हलवला. चूक माझी होती. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे बरेचसे गाळून टाकतो. थेट वाट निवडली की ते गाळण्याचे काम स्पीकरच्या नकलेने करावे लागते, आणि मी सेटिंगमध्ये ती नक्कल बंद ठेवली होती. ती सुरू केल्यावर आवाज जागेवर आला. नंतर दादा म्हणाले, की माइकची जागा हलत नाही, दुसऱ्या वाद्यांचा आवाज त्यात शिरत नाही आणि मंचावरून ओरडणारा ॲम्प नाही, या तीन कारणांसाठी त्यांना रोज असाच गिटारवाला चालेल. मंचावर मात्र मला स्वतःचे वाजवणे दुसऱ्याच्या घरातून ऐकू यावे तसे वाटत होते. पायाला, पोटरीला जी हवा लागते, ती नव्हती. ही तक्रार माझी आहे, श्रोत्यांची नाही. पण वाजवायचे मला असते.

२४ नोव्हेंबर, रविवार

दीडशे लोकांचे सभागृह, मिक्सरवर फक्त गायनाचे दोन माइक, गिटारला काही नाही. ट्यूब ॲम्प खुर्चीवर ठेवून थोडा मागे कलता केला आणि व्हॉल्यूम सहावर नेला. या प्रकल्पातली सर्वांत चांगली संध्याकाळ. जागा मोठी, ड्रम खरे, तक्रार करायला कुणी नाही, आणि गिटारवरच्या एका बटणात तीन ॲम्प. एवढ्या गोष्टी एकत्र येणारे कार्यक्रम आमच्या वाट्याला वर्षातून चार-पाच येतात.

१ डिसेंबर, रविवार

मॉडेलिंग घरी राहील आणि मिक्सर चांगला असलेल्या कार्यक्रमांना जाईल. ट्यूब ॲम्प तालमीच्या खोलीत राहील, ड्रमशेजारी; घरातली जागा मोकळी झाली. जनरेटरच्या कार्यक्रमांना दोन्ही न्यायचे, यूपीएसशिवाय. मॉडेलिंगच्या सगळ्या आवाजांची प्रत संगणकावर काढून ठेवली.

संध्याकाळी रेडिओवाले काका तालमीच्या खोलीवर आले होते; दुरुस्त केलेला ॲम्प वाजताना ऐकायची त्यांना इच्छा होती. हौसेने चादर पुन्हा टांगली, पातळ्या जुळवल्या, दोन्ही ॲम्प चालू केले आणि त्यांना खुर्ची दिली. पंखा लावायला मी विसरलो. मी गिटार गळ्यात अडकवत होतो, तेवढ्यात त्यांनी चादरीच्या डाव्या बाजूला बोट दाखवले. "व्हॉल्व्हचा तो आहे. ट्रान्सफॉर्मर कुरकुरतोय त्याचा, पट्ट्या सैल झाल्यात. वाजवा नंतर, आधी पाना आणा."

चार बोल्ट होते. चारही अर्ध्या-अर्ध्या आट्याने सैल निघाले.